सळईचा भाव चढतो तेव्हा संघटनेचं खरं काम सुरू होतं

बांधकाम अडचणीत आलं की ठेकेदारांच्या संघटनेकडून पहिली अपेक्षा असते निवेदनाची. निवेदन हवंच. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये सळई टनाला 75 हजारांच्या घरात गेली, तेव्हा भाव आवरा म्हणून बिल्डर्स असोसिएशन, क्रेडाई अशा बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी जोर लावला होता. मे महिन्यात केंद्राने पोलादावर 15 टक्के निर्यात शुल्क बसवलं आणि भाव उतरले. पण तोपर्यंत ज्यांचे स्लॅब महागड्या सळईने ओतून झाले, त्यांचं काय?

हिशोब करून बघा. 20 हजार चौरस फुटांची शाळेची इमारत, फुटामागे साधारण 4 किलो लोखंड, म्हणजे 80 टन. टनामागे 20 हजार वाढले की 16 लाख गेले. काम 4 कोटींचं असेल तर हे 4 टक्के झाले. छोटा ठेकेदार नफा धरतो आठ-दहा टक्के. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या सळईने खाल्ला!

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत सळई-सिमेंटचा स्टार रेट, म्हणजे निविदेत धरलेला मूळ भाव, दिलेला असेल तर फरक मागता येतो (भाव पडले तर वसुलीही होते, हे लक्षात ठेवा). ते कलमच नसेल तर पुढची सगळी धावपळ व्यर्थ. म्हणून निविदापूर्व बैठकीतच संघटनेच्या लेटरहेडवर लेखी प्रश्न गेला पाहिजे. एकटा ठेकेदार विचारायला कचरतो, कारण पुढचं बिल त्याच कार्यालयातून निघायचं असतं. संघटनेच्या नावाने विचारलं की कुणा एकाकडे बोट जात नाही. माझ्या मते वर्गणी वसूल होते ती इथेच.

दुसरी चूक मुदतवाढीची. जागा उशिरा ताब्यात मिळते, नकाशे अडकतात, महावितरणचा खांब हलत नाही. पण हिंडरन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या नोंदवहीत, नोंद नसते. मग उशीर ठेकेदाराच्या माथी, वाढीव काळातली भाववाढ नामंजूर आणि वर दंड. अडथळा कधी सुरू झाला, कधी संपला, कोणतं काम अडलं आणि उपअभियंत्याची सही, एवढं त्याच आठवड्यात हवं. मुदतवाढीचा अर्ज मूळ मुदत संपण्याआधीच द्यायचा. या नोंदीचे आणि अर्जाचे मराठी नमुने प्रत्येक सभासदाला मिळाले पाहिजेत.

थकलेल्या बिलांबाबत एक गैरसमज फार पसरलाय. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, म्हणजे 45 दिवसांत पैसे नाहीतर चक्रवाढ व्याज, असं सरसकट सांगितलं जातं. माल पुरवणाऱ्याला हा आधार आहे. वर्क्स कॉन्ट्रॅक्टबाबत, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकामाच्या ठेक्याबाबत, मात्र मुंबई उच्च न्यायालयाचे प्रतिकूल निकाल आहेत. सभासदाला दाव्यात ढकलण्याआधी संघटनेने वकिलाचं लेखी मत घ्यावं.

आणि मजूर. बिलातून 1 टक्का उपकर कापला जातो, तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. लाभ मात्र नोंदणी असलेल्यालाच. लॉकडाउनमध्ये मंडळाने 2020 साली पहिल्या टप्प्यात 2,000 आणि 2021 साली 1,500 रुपये खात्यात टाकले. नोंदणी नसलेला मजूर हात हलवत गावी गेला. आपल्याच बिलातून पैसे जाऊनही आपला सेंट्रिंगवाला कोरडा राहतो, हे मला अजिबात पटत नाही. नोंदणीला लागतं काय? वय 18 ते 60, आधार, बँक पासबुक, फोटो आणि वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. गाडं अडतं ते या प्रमाणपत्रावर. मजूर तीन साइट बदलतो आणि सही कुणीच देत नाही. पुण्याजवळच्या हिंजवडी, वाघोली, मोशीच्या लेबर कॅम्पवर रविवारी टेबल मांडा, ज्या ज्या सभासदाकडे त्याने काम केलं त्यांच्या सह्या संघटनेनेच गोळा कराव्यात. आणि दरवर्षीचं नूतनीकरण होळीला लोक गावी जायच्या आधी उरकून घ्या.