चढवायचा भाव, उतरवायचा भाव
लठ्ठ माणसाने भाजीवाल्यांशी घासाघीस करू नये, हे मला गेल्या शनिवारी भर रस्त्यात सुनावण्यात आले, आणि ते ज्या शब्दांत सुनावण्यात आले ते शब्द अजून मला पचलेले नाहीत. वास्तविक सध्या माझ्या पोटात जे काही जाते ते सगळे पचायला हलकेच असते.

आमच्या पेठेतल्या कोपऱ्यावर ज्या मावशी भाजी घेऊन बसतात, त्यांनी मेथीची जुडी 40 रुपयांना सांगितली आणि मी ती 30 रुपयांना मागितली. श्रावणात पावसाने पालेभाजी शेतातच सडते, बाजारात आवक घटते आणि भाव चढतात, हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल घासाघीस करू नये असा काही कायदा नाही. मावशींनी जुडी पुन्हा पाटीत टाकली, मला डोक्यापासून मध्यापर्यंत न्याहाळले (त्याखाली पाहण्याची त्यांना गरज वाटली नसावी) आणि म्हणाल्या, "काय दादा, चांगले खात्यापित्या घरचे दिसताय, अन् दहा रुपयांसाठी जीव काढताय होय?"

यावर काय बोलणार? सडपातळ माणूस भाव पाडून मागतो तेव्हा लोकांना त्याची अडचण दिसते; मी मागतो तेव्हा चिकटपणा दिसतो. ज्या पोटापायी मी मेथी घ्यायला आलो होतो, तेच पोट माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले होते.

हे पोट उतरवण्यासाठी मला एका आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिलेला आहे. त्यात ब्रोकोली, झुकिनी, अ‍ॅव्होकाडो आणि ब्लूबेरी अशी मंडळी वारानुसार येऊन जातात. पहिल्या आठवड्याचे बिल पाहून पत्नीने तो तक्ता फ्रिजवरून काढला आणि विम्याच्या कागदांच्या फायलीत ठेवला. तेव्हापासून मी स्वस्त आणि पौष्टिक यांचा मेळ घालत पेठेतून हिंडत असतो.

पण मुद्दा मावशींचा नाही, त्यांच्या पाटीशेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांचा आहे. वय पंचाहत्तरीच्या आसपास, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात छोटी वही आणि हातात सामान तोलायचा तो आकडेवाला स्प्रिंगकाटा. त्यांनी आधी मावशींच्या काट्यावरचे दोन लिंबू आपल्या काट्याला पिशवीसकट टांगून पाहिले, वहीत काहीतरी टिपले आणि मग, जणू माझी पाळी आली होती अशा थाटात, माझ्या पिशवीत डोकावले.

"मटार घेतलात?"

"पाव किलो," मी म्हणालो.

"काय भावाने?"

"दोनशे रुपये किलो."

"चारशे," ते म्हणाले. "शेंगांत निम्मं टरफल असतं. तुम्ही टरफल खाता का? नाही ना? मग दाणा तुम्हाला चारशेनं पडला. मी नेहमी खाण्याजोग्या भागाचा भाव काढतो. केळ्यात तिसरा हिस्सा साल. सीताफळात तर निम्म्याहून जास्त साल आणि बिया. हे काय, काकडी?"

मी काकडी पिशवीत खाली ढकलण्याचा प्रयत्न केला, परंतु काकडीच्या आकारामुळे ते जमले नाही.

"काकडीत पंचाण्णव टक्के पाणी," ते मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पाणी महापालिका देते. काकडी घेणं म्हणजे पाणीपट्टी दोनदा भरणं."

"आजोबा, माझं गिऱ्हाईक नका हो तोडू," मावशी म्हणाल्या.

"मी कुठं तोडतोय? मी त्यांना हिशेब शिकवतोय. साहेब, डाएट चालू आहे ना?"

हे त्यांनी कशावरून ओळखले, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी मान हलवली. तोवर एक बाई आणि हातात दळणाचा डबा असलेला एक मुलगा असे आणखी दोघे श्रोते जमले होते.

"किती किलो उतरवायचंय?"

मी आकडा सांगितला. इथे लिहिणार नाही.

त्यांनी वही उघडली. "एका किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी. वडापाव धरा 300 चा. म्हणजे पंचवीस-सव्वीस वडापाव. वीस रुपयांनी झाले पाचशेच्या वर थोडे. म्हणजे हे जे तुम्ही चढवलंत," आणि इथे त्यांनी पेन्सिलीने माझ्याकडे, नेमके सांगायचे तर माझ्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाकडे, निर्देश केला, "ते पाचशे रुपये किलोनं चढवलंत. भाव वाईट नाही. आता सांगा, उतरवताय काय भावानं?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. त्यात अ‍ॅव्होकाडो होते, आहारतज्ज्ञ बाईंची फी होती आणि एकदाच वापरलेले बूट होते. मी गप्प बसलो.

"बघा," ते बाईंकडे वळून म्हणाले, "माल घेताना स्वस्तात घेतला, आता काढून टाकायला जास्त पैसे मोजतायत. कुठल्या धंद्यात बसतं हे?"

बाई हसल्या. मुलगाही हसला. मावशी तर पाटीला धरून हसल्या, आणि त्या हसण्याच्या भरात तरी मेथी 30 रुपयांना द्यायला त्यांची हरकत नसावी असे मला वाटले, पण नाही. मी 40 रुपये मोबाईलवरून भरले, तेव्हा पाटीमागच्या खोक्याने ती रक्कम एवढ्या खणखणीत आवाजात पुकारली की समोरच्या न्हाव्यालाही माझा पराभव कळावा. कोथिंबिरीच्या चार काड्या मागितल्या, तर "सध्या परवडत नाही, दादा" असे उत्तर मिळाले. आजोबांना मात्र दोन लिंबांवर कढीपत्त्याची एक डहाळी मिळाली. ती त्यांनी तोलली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

निघताना त्यांनी मला एक सल्ला दिला: रात्री उशिरा मंडईत जावे, त्या वेळी उरलेल्या मालाचे वाटे लावतात आणि वाट्यात वजन विचारायचे नसते, नशीब विचारायचे असते. ही 1886 साली उघडलेली दगडी मंडई बांधण्यावर एवढा पैसा घालायला ज्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, त्याच महात्मा फुल्यांचे नाव तिला पुढे मिळाले, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा असे फुल्यांचे म्हणणे होते. "तेही खर्चाला विरोध करत होते," आजोबा म्हणाले, आणि या परंपरेत त्यांनी स्वतःला कुठे बसवले होते ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

त्या गृहस्थांचा मला राग आला. पण घरी येऊन मटार सोलला, टरफलांचा ढीग आणि दाण्यांची वाटी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा अधिकच राग आला, कारण त्यांचे बरोबर होते.

कमी खायचे ठरवल्यावर खर्च कमी व्हायला हवा, अशी माझी भाबडी समजूत होती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. चौघांच्या घरात हा हिशेब रोजचा दोन किलोंचा होतो. सूचना लिहिणाऱ्यांनी ग्रॅम सांगितले, रुपये सांगितले नाहीत. आणि भाज्यांचे रुपये एका जागी थांबतात तरी कुठे? 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या कितीतरी पुढे गेला आणि केंद्र सरकारला सवलतीच्या दरात टोमॅटो विकायला काढावा लागला. दोन महिन्यांत तो इतका कोसळला की शेतकऱ्यांवर तो फेकून देण्याची वेळ आली. भाव चढला तेव्हा मी टोमॅटो खाल्ला नाही आणि पडला तेव्हा पिकवणाऱ्याला त्यातून काही मिळाले नाही. मधल्या मधे कोण जेवला, हे त्या आजोबांच्या वहीतसुद्धा सापडणार नाही. वडापावाचा भाव मात्र असा वर्षातून दोनदा उड्या मारत नाही. तो वर्षानुवर्षे एका जागी उभा राहून माझी वाट पाहतो.

काटकसरीचे मार्ग नाहीत असे नाही. पेरूत संत्र्याच्या जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व असते, म्हणून मी किवी बंद करून पेरूवर आलो. ब्रोकोली सोडली आणि राजगिऱ्याचा पाला धरला. शेवग्याचा पाला तर शेजारच्या वाड्यात फुकट गळून पडतो. तोच वाळवून, दळून, बरणीत भरून दुकानात ठेवला की त्याची किंमत विचारताना आवाज खाली जातो. श्रावण लागल्यावर केळीही महागतात, कारण अर्ध्या गावाचा उपवास असतो, आणि आमच्याकडे त्याच उपवासाच्या दिवशी तूप सोडलेली साबुदाण्याची खिचडी परातभर होते. ती खाणारे सगळे बारीक आहेत. माझ्यासमोर वाफवलेला दुधी असतो. दुधी स्वस्त आहे, पथ्याचा आहे, बारा महिने मिळतो आणि त्याच्याविरुद्ध बोलायला एकही मुद्दा नाही, याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. पपई आणली तर ती माझ्या नावाने कापली जाते आणि मी आंघोळ करून येईपर्यंत बशीत बिया उरतात.

आता भाजी आणायला मी मुलाला पाठवतो. त्याच्या सदऱ्यात आणखी एक मुलगा मावेल इतका तो काटकुळा आहे, त्यामुळे मावशी त्याला मेथी 30 रुपयांना देतात आणि वर कोथिंबीर घालून "खात जा रे बाळा" असेही म्हणतात. केळी मात्र तो हटकून काळी पडलेली आणतो, आणि ती निम्म्या भावात मिळत असल्यामुळे मला तक्रार करायची सोय नाही.