भास्कराचार्यांचा वाद आणि चक्रवालाचे गणित

भास्कराचार्यांचे नाव निघाले की मायदेशातील चर्चेत ‘न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण’ हा दावा पुढे येतो आणि तो खोडून काढणारेही तितक्याच आवेशाने उभे राहतात. इंग्लंडात राहून गणित शिकवणाऱ्या मला ही दोन्ही टोके अपुरी वाटतात. बाराव्या शतकातील या गणितज्ञाच्या ‘गोलाध्याय’ या ग्रंथात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे, हे खरे, परंतु अंतराच्या वर्गानुसार बल कसे घटते, हा नियम तेथे नाही. तो असल्याचा आग्रह धरला की आचार्यांचा जेथे निर्विवाद अधिकार आहे, तेच क्षेत्र मागे पडते.

त्यांच्याच ‘बीजगणिता’तील चक्रवाल, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ जाण्याची, पद्धत पाहावी. एखाद्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा पूर्णांक शोधायचा आहे. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असल्याने एकेक संख्या तपासत तेथे पोहोचण्याची आशाच नको. आचार्य ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने मोठा आहे, एवढ्यापासून आरंभ करतात. ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि स्वतःचा वर्ग ६१ च्या जवळ राहील अशी ७ ही संख्या निवडतात, आणि पहिल्याच फेरीत ३९ व ५ ही जोडी हाती येते. ३९ चा वर्ग १५२१, तर ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक केवळ ४. पुढचे काम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये दिलेली ‘भावना’, म्हणजे अशा दोन जोड्यांच्या संयोगातून नवी जोडी काढण्याची रीत, काही पायऱ्यांत पुरे करते. चक्रवालाची रीत त्यांच्या आधीचे गणिती जयदेव यांच्याकडेही आढळते, आणि हे सांगितल्याने भास्कराचार्य तसूभरही लहान होत नाहीत.

भास्कराचार्यांनंतर सुमारे पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रेंच गणिती फेर्माने ६१ चेच उदाहरण आव्हान म्हणून घातले. तरीही गणितज्ञ ऑयलरने श्रेय चुकून इंग्लिश गणिती पेल यांना दिल्यामुळे या समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले आणि येथील पाठ्यपुस्तकांत ते आजही तसेच छापले जाते. हा अन्याय मला मनापासून खुपतो. मात्र येथल्या विद्यार्थ्यांसमोर वरच्या दोन ओळींचे गणित फळ्यावर मांडले की कोण आधी, हा प्रश्न बाजूला पडतो आणि ७ च का निवडले, यावर ते बोलू लागतात.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचे उत्पन्न त्या मठाला लावून दिल्याचे कोरले आहे. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ मुळातून शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आज महाराष्ट्र किती तरतूद करणार, यावर मायदेशात वाद झडावा, अशी माझी इच्छा आहे.