आईला दोष देण्याआधी

'शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या पोरी फिगर बिघडेल म्हणून बाळाला अंगावर पाजत नाहीत. आज्यांच्या काळी असं नव्हतं.' हा मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या भाचीला तो बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी आला आणि ती रडत बसली, म्हणून लिहितेय.

पाजणं कमी झालंय हेच मुळात खोटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की सहा महिन्यांच्या आतल्या, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.४ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ५४.९ आणि २०१९-२१ मध्ये ६३.७.

आज्या दोन-दोन वर्षं पाजायच्या, हे खरं. पण सुरुवातीचं पिवळं, घट्ट चिकाचं दूध कित्येक घरांत पिळून टाकलं जाई. बाळाच्या तोंडी मधाचं बोट, गुटी, बोंडल्यानं वरचं पातळ दूध. त्या बायांना तसंच शिकवलं होतं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तो काळ आदर्श म्हणून सुनांच्या तोंडावर मारू नका.

बिघडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्याच सर्वेक्षणात २०१५-१६ ते २०१९-२१ दरम्यान दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेली, पण तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.६ वरून जेमतेम ४१.८. डॉक्टर-नर्स हाताशी असताना निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो! भाचीचं सिझर झालं. बाळ तिच्या कुशीत आलं तीन तासांनी, त्याआधीच आमच्या हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी होती. डबे-बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण अशी एक चिठ्ठी पुढ्यात आली की जाहिरात लागतेच कशाला?

राहिली नोकरी. २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे बरोबर सहा महिने. ती मिळते पगारदार बाईला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी बाळंतीण रजा मागणार कुणाकडे? तिच्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.

आणि 'दूध पुरत नाही' म्हणणाऱ्यांनी लंगोट मोजावेत. पहिला आठवडा सरला की दिवसाला सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पुरतंय. भाचीला पाचव्या दिवशी पान्हा फुटला. काल तिचा फोन आला होता: मावशी, आज आठ झाले.