अगं व्हिकी, तोंड आवर!

'डार्क शॅडोज' बघतेय आणि रोज डोक्याला ताप. अमेरिकेतली भुताटकीची मालिका, १९६६ ते १९७१, तब्बल १२२५ भाग. प्लँचेटच्या बैठकीतून व्हिकी, म्हणजे कॉलिन्सांच्या घरी राहून मुलाला शिकवणारी नायिका, थेट १७९५ सालात जाऊन पडते. बरं, पडलीस तर पडलीस, गप्प राहावं ना! छे. आपल्या काळातल्या माणसांसारखा चेहरा दिसेल त्याला ओळख दाखवत सुटते. वर कॉलिन्स घराण्याचा छापील इतिहास सोबत! मग चेटकीण म्हणून धरणार नाहीत तर काय ओवाळणार? खरी चेटकीण अँजेलिक मात्र घरात उजळ माथ्याने फिरतेय. मी इकडे ओरडतेय, "अगं बाई, ते पुस्तक आधी चुलीत घाल!" चहावर साय धरली. आणि भाग संपला कुठे? हिच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर. परत!