रिकाम्या बाटलीची अनामत

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा फार लवकर ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ या निष्कर्षावर येऊन थांबते, आणि जर्मनीत राहणाऱ्या माझ्यासारख्याने त्याला दुजोरा द्यावा अशी अपेक्षा असते. मला तो देता येत नाही.

इथली, म्हणजे जर्मनीतली, शिस्त कायद्याने घडवलेली आहे. १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयांच्या बाटल्या आणि डबे यांवर किमान २५ सेंटची अनामत (विकत घेताना भरायची आणि रिकामी बाटली परत केली की परत मिळणारी रक्कम) लागू झाली, तेव्हा उत्पादक आणि दुकानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. पहिली काही वर्षे तर काही दुकानसाखळ्या केवळ स्वतःच्याच बाटल्या परत घेत आणि ग्राहक हैराण होत. मे २००६ मध्ये नियम बदलला. जो प्लास्टिकच्या बाटल्या विकतो, त्याने ग्राहकाने दुसरीकडे विकत घेतलेली बाटलीही स्वीकारून पैसे द्यायचे. लहान दुकानांना तेवढी थोडी सवलत मिळाली. आज अशा बाटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक परत येतात. मात्र ज्या वेष्टनांवर अनामत नाही, ती याच शिस्तप्रिय नागरिकांनी वेगळी काढून ठेवली तरी त्यांतला मोठा भाग शेवटी जाळला जातो, हेही सांगायला हवे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. चर्चा रंगली ती पिशव्यांवरच्या बंदीची आणि दंडाची. परतफेडीची व्यवस्था रोजच्या व्यवहारात कधी उतरलीच नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अनामत परतीची योजना अधिसूचित केली आहे.

तरीही जर्मन पद्धत जशीच्या तशी उचलण्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे बाटल्या गोळा करणारे हात आधीपासूनच आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. पाण्याची बाटली हा त्यांच्या पोत्यातला चांगला भाव मिळणारा माल. उद्या रिकामी बाटली घेऊन अनामत परत देणारी यंत्रे फक्त मॉलमध्ये बसली, तर अनामत मिळेल मॉलमध्ये जाणाऱ्याला आणि वेचणारीच्या पोत्यात भाव नसलेला कचराच उरेल. म्हणून कचरावेचकांच्या संस्थांना आणि भंगारवाल्यांना अधिकृत परतकेंद्रांचा दर्जा द्यावा, प्रत्येक बाटलीमागे त्यांना मिळणारा मोबदला अधिसूचनेतच लिहावा, आणि कोणीच परत न मागितलेली अनामत, जी जर्मनीत कंपन्यांच्याच खिशात राहते, ती कचरावेचकांच्या आरोग्यविम्यासाठी राखून ठेवावी.