वाल्किरी 'चोरीची' म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात

गेल्या आठवड्यात भाच्याने एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "मामा, खरंय का हे?" मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: 'मॅक्रॉस' या जपानी कार्टून मालिकेतलं व्हीएफ-१ वाल्किरी हे रोबोत बदलणारं लढाऊ विमान म्हणजे निव्वळ चोरी. विमान 'टॉप गन'मधून उचललं, रोबो 'ट्रान्सफॉर्मर्स'मधून. मूळ मालिका 'रोबोटेक' ही अमेरिकन. विमानाचा रोबो होणं फक्त चित्रात शक्य आहे. आणि शेवटी सल्ला: जुनं खेळणं मिळालं तर अडकल्यावर जोर लावा, 'कट्' आवाज आला की बसलं. भाचा नुकता ही खेळणी जमवायला लागलाय, म्हणून हा शेवटचा सल्ला वाचून डोकंच फिरलं.

'टॉप गन'चं एका ओळीत संपतं. मॅक्रॉस जपानी टीव्हीवर ऑक्टोबर १९८२ मध्ये सुरू झाली, 'टॉप गन' आला १९८६ मध्ये. साडेतीन वर्षांनी येणाऱ्या सिनेमातून कुणी काय चोरणार?

'ट्रान्सफॉर्मर्स'चा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण इथे सत्य अगदी उलटं आहे. ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आले १९८४ मध्ये. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने तेव्हा नवी खेळणी घडवली नव्हती. ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोचेंज मालिकांमधली तयार खेळणी घेऊन त्यांना नवी नावं दिली होती. वाल्किरीचा रचनाकार शोजी कावामोरी याने डायाक्लोनसाठीही काम केलं होतं. १९८५ मध्ये ट्रान्सफॉर्मर्समध्ये 'जेटफायर' आला. तो म्हणजे ताकातोकु या जपानी खेळणी कंपनीची १/५५ मापाची व्हीएफ-१एस वाल्किरी (व्हीएफ-१चाच एक प्रकार), तिच्याच साच्यातून काढलेली. डोक्यावर व्हीएफ-१एसच्या चार लेसर नळ्या तशाच, वर चढवायची सुपर वाल्किरीची बूस्टरं आणि चिलखतही तसंच, फक्त रंग लाल-पांढरा. सुरुवातीच्या जेटफायरच्या पंखांवर तर मॅक्रॉसमधल्या यूएन स्पेसी या अंतराळ सेनेचं पतंगासारखं चिन्हच छापलेलं आहे. हक्कांच्या भानगडीमुळे कार्टूनमध्ये त्याचं रूप बदलावं लागलं आणि नाव 'स्कायफायर' करावं लागलं. ज्याला पुरावा हवा असेल त्याने सुरुवातीच्या जेटफायरचा पंख बघावा. त्याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

'रोबोटेक'वर फार शाई घालवत नाही. १९८५ मध्ये हार्मनी गोल्ड या अमेरिकन कंपनीने तीन वेगवेगळ्या जपानी मालिका जोडून ती तयार केली. मॅक्रॉस हा त्यातला ३६ भागांचा पहिला तुकडा. अमेरिकेत आठवड्याचे पाच दिवस दाखवायला किमान ६५ भाग लागत, म्हणून ही जोडणी.

आता मेसेजात अर्धं खरं एवढंच आहे, आणि ते नाकारता येत नाही: वाल्किरी 'टॉप गन'मध्ये दिसणाऱ्या एफ-१४ टॉमकॅट या अमेरिकी लढाऊ विमानावरून सुचलेली आहे. मागे-पुढे होणारे पंख, दोन शेपट्या, एकमेकांपासून लांब ठेवलेली दोन इंजिनं, सगळं तिथलंच. मॅक्रॉसमधला वैमानिक रॉय फॉकर याच्या विमानावरची कवटी अमेरिकी नौदलाच्या व्हीएफ-८४ 'जॉली रॉजर्स' तुकडीची. पण हे सुचणं आहे, नक्कल नाही. टॉमकॅट १९ मीटरहून लांब, वाल्किरी १४.२३ मीटर. टॉमकॅटची सहा नळ्यांची २० मिमी तोफ नाकाच्या डाव्या बाजूला आत बसवलेली. वाल्किरीची तीन नळ्यांची ५५ मिमी जीयू-११ बाहेर पोटाखाली लटकते, कारण रोबो झाल्यावर ती हातात धरायची असते. तिच्यात गोळ्या २०० आणि वेग मिनिटाला १२००, म्हणजे सलग दाबून धरली तर दहा सेकंदांत रिकामी.

आणि टॉमकॅटच का, हे बघितलं की कावामोरीचं डोकं कळतं. टॉमकॅटच्या दोन इंजिनांच्या मध्ये रुंद पन्हळ आहे. वाल्किरीत त्या पन्हळीत दोन्ही हात घडी करून मावतात. इंजिनांच्या लांब नळ्या हेच पाय, आणि नळीच्या टोकाच्या झोत वळवणाऱ्या झडपा म्हणजे पावलं. म्हणून अर्धं विमान, अर्धा रोबो अशा मधल्या 'गावॉक' अवस्थेत पाय खाली वाकवले की झोत जमिनीकडे जातो आणि विमान जागच्या जागी तरंगतं. तिथे पाय हे फुकटचं वजन नाहीत, तेच इंजिन आहेत. कथेत शत्रू दहा मीटरच्या आसपास उंचीचे झेंत्रादी, म्हणून बॅट्रॉइड, म्हणजे वाल्किरीची पूर्ण रोबो अवस्था, १२.६८ मीटर उंच. त्यांच्याशी समोरासमोर लढायला हातपाय लागणारच.

रूपांतर चित्रातच शक्य, हा दावा तर १९८० च्या दशकातच मुलांच्या हातात खोटा ठरला होता. चित्रात प्रमाणं थोडी ओढूनताणून घेतात हे खरं, आणि काही खेळण्यांत पाय सुटे काढून पुन्हा लावावे लागतात हेही खरं. पण ताकातोकुच्या १/५५ खेळण्यात पाय धातूच्या दांड्यावर झुलत पुढे येतात, काही काढावं लागत नाही.

राहिला जोर लावण्याचा सल्ला. हा सल्ला देणाऱ्याने वाल्किरी कधी हातात धरलेली दिसत नाही. यात अडकणं म्हणजे जवळजवळ नेहमी क्रम चुकणं. आधी तोफ काढायची, चाकं आत घ्यायची, पंख पूर्ण मागे न्यायचे. मग पाय खाली आणि बाहेर. पाय बाजूला गेल्याशिवाय हात बाहेर काढायचे नाहीत, कारण त्यांना वाटच नसते. हात निघाले की पाय पुढे आणून हवा घेणारी तोंडं नाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायची. त्यानंतर पाठ वर, नाक खाली, पोटाखालचं डोकं वर, आणि सगळ्यात शेवटी शेपटीची घडी पाठीवर.

पाठ हलत नसेल तर आधी पायांची खाच दोन्ही बाजूंना सारखी बसली आहे का ते बघा. एक बाजू अर्धी बसली की सगळं तिरकं होतं आणि ताण खांद्याच्या बिजागरीवर येतो. तो 'कट्' आवाज तिथला असतो. नंतरच्या १/६० मापाच्या एका लोकप्रिय मालिकेत खांद्याची ही बिजागरी तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, कारण पिनेभोवतीचं प्लास्टिक पातळ आहे. घट्ट वाटली तर खांदा फिरवणं थांबवा, पिनेच्या दोन्ही अंगांनी उजेडात केसाएवढी पांढरी रेघ दिसते का बघा. दिसली तर विमान अवस्थेतच ठेवा, फिरवू नका. जुना नग विकत घेताना विक्रेत्याकडून खांद्याचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.