बँडवाले आण्णा आणि माझा चार इंची पाइप

गाडी माझी, पाइप माझा, पैसे माझे, आणि "पाव्हणं, जरा बाजूला सरा की" हे पण मलाच ऐकून घ्यावं लागलं. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

प्रकरण थोडक्यात असं. दहा चाकी ट्रक, 2014 ची, कोल्हापूर मार्केट यार्डातनं गूळ भरून गुजरातला जाते. मागच्या खेपेला तिकडच्या व्यापाऱ्याने अगदी खालच्या थरातला रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून नाकाला लावला आणि धुराचा वास येतोय म्हणून सरळ भाडं कापलं. गाडीखाली वाकून बघितलं तर सायलेन्सर पार कुजलेला, धूर बॉडीच्या फळ्यांमधनं वर. कुजणारच की. बीएस म्हणजे सरकारचे गाडीच्या धुराचे नियम, त्यातल्या बीएस थ्रीच्या काळात डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत चालायचं, आताच्या बीएस सिक्सला 10 आहे. त्या गंधकाचं आणि गाडी गार झाली की आत साठणाऱ्या पाण्याचं मिळून तेजाब तयार होतं, ते पत्रा आतून खात येतं आणि वरनं रंग मात्र चकाचक. नवा कंपनीचा टाकला असता, पण आधीच्या मालकाने चासीला जादा टाकी ठोकून ठेवलीय, त्यामुळे मूळ जागाच शिल्लक नाही. म्हणजे पाइप वळवून, कापून, मापाचा करून घेणं आलं. शिरोलीच्या बाजूला हायवेला लागून एक मिस्त्री आहे, हात चांगला आहे असं सगळे म्हणतात, तोंडाबद्दल कुणी काही बोलत नाही.

तिथे आण्णा होते.

आण्णा म्हणजे बँडवाले. सोनेरी झालरीचा लाल कोट, खाली साधी लुंगी, आणि मांडीवर तो गळ्यात अडकवायचा अजस्र पितळी भोंगा. भोंग्याचा सांधा वरातीत निखळला होता, घोडा बुजला आणि मागच्या मागे भोंग्यावर बसला म्हणे. घोडा भोंग्यावर कसा बसेल हे मी विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं. मिस्त्रीने माझा पाइप स्टँडवर धरलेला तसाच ठेवला आणि आधी पितळ तापवायला घेतलं. मी म्हटलं माझा नंबर पहिला होता. तर मिस्त्री म्हणाला, "त्यांचं लगीन हाय सांच्याला. गुळाला मुहूर्त असतुय व्हय?"

बरं, काम झाल्यावर आण्णा जातील असं मला वाटलं होतं. आण्णा गेले नाहीत. आण्णांनी खुर्ची माझ्या गाडीच्या सावलीत ओढली.

"पाव्हणं, ह्यो पाइप किती लांब करणार हाईसा?"

म्हटलं, टाकीला वळसा घालून मागच्या चाकाच्या पुढे उजवीकडे काढायचाय.

"लांब काढा. लांबी वाढली की सूर खाली जातुय. आमचा भोंगा उलगडला तर गल्लीच्या त्या टोकाला जाईल, म्हणून तर आवाज पोटात लागतुय."

मी शांतपणे सांगितलं की आण्णा, ट्रकच्या सायलेन्सरला सूर नसतो. सहा सिलेंडरचं इंजिन, आयडलला सहाशे आरपीएम धरा, म्हणजे सेकंदाला तीस धमाके. माणसाच्या कानाला वीसच्या खाली काही ऐकूच येत नाही, तीस म्हणजे जेमतेम घरघर.

आण्णांनी डोळे मिटले, ओठ हलवले, बोटं मोजली. "तीस? मग ह्यो आमच्या पेटीच्या बाहेरचा सूर हाय." आणि मिस्त्रीकडे वळून, मी तिथं नाहीच असं धरून, "पर असतुय. सूर असतुय. त्यास्नी ऐकू येत न्हाई."

मग ते उठले आणि माझा पाइप उचलून त्यात फुंकायला लागले. चार इंची पाइप. तोंड बसणार कसं? तर दोन्ही हातांनी त्याचं तोंड अर्धं झाकून, ओठ काठाला लावून, गाल फुगवून असा काही दम दिला की शेजारच्या टायरवाल्याने पंप बंद केला. आवाज आला, खोटं कशाला बोलू. जुना तुकडा होता, आतनं काजळी सुटली आणि आण्णांच्या तोंडाभोवती नाकापास्नं हनुवटीपर्यंत काळं कडं उमटलं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

गर्दी जमली. पलीकडचा क्लीनर, चहावाला, पंक्चर काढायला आलेले दोघे. प्रत्येकाला मत. एक म्हणाला वर आभाळाकडे काढा. मिस्त्री म्हणाला डावीकडे काढू, सोपं पडतंय. मी म्हटलं अहो नियम आहे, डावीकडे नाही आणि खालीही नाही, डावीकडे माणसं चालतात, एस्टीची वाट बघत उभी असतात. "आणि डिझेलच्या लाइनपासनं 35 मिलिमीटर लांब पाहिजे." मिस्त्रीने दोन बोटं मध्ये घालून बघितली, म्हणाला, हाय. मी नंतर टेप लावली, तर खरंच होतं, त्याचाही राग आला.

खरी भांडणं लागली फ्लेक्सी पाइपवरनं. इंजिन वेगळं हलतं, चासी वेगळी हलते, मध्ये लवचिक तुकडा नसला तर वेल्डिंग चार खेपांत तडकतं, हे मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण आण्णा म्हणाले, "मधी हलणारं काय घालू नगासा, सूर हलतुय." आणि मिस्त्री थांबला! विचार करायला लागला! माझ्या पैशाच्या पाइपवर, एका लुंगीवाल्या माणसाच्या सुरासाठी! मी जरा चढ्या आवाजात बोललो. तेव्हा आण्णांचं ते "बाजूला सरा की" आलं.

आण्णांचा राग धरवत नाही तसा. डीजे आल्यापासनं कोण बोलावतंय, म्हणाले, सीझनला चार तारखा मिळाल्या तर नशीब, पोरं सेंट्रिंगच्या कामावर जातात. माझंही तेच आहे, एका गाडीवाल्याला कोण विचारतो, भाडं तेच, टोल वाढतोय, डिझेल वाढतंय, आणि धूर जास्त दिसला की मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड, परत लोक नाकाला रुमाल लावून बघणार ते ट्रकवाल्याकडेच. पण म्हणून मी कुणाच्या भोंग्यात तोंड घालत नाही.

शेवटी फ्लेक्सी बसला, गाडी चालू केली. आण्णांनी कान दिला, मान हलवली. "बेसूर. पर वाजतुय बरा."

मिस्त्रीने इलेक्ट्रोडच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब लिहिला. बेंड, फ्लँज, पॅकिंग, यू-क्लॅम्प, फ्लेक्सी, मजुरी. आणि खाली, पितळी कांडी दोन.

"माझ्या गाडीत पितळ कुठं आहे?"

"आण्णांनी तपासून दिलं न्हवं का मालक."

आण्णा तोवर भोंगा गळ्यात घालून एका टेम्पोत बसून गेले होते, तोंड तसंच काळं. कांड्यांचे पैसे मी दिले. यार्डात गाडी लावायची होती, हमाल थांबले होते, आणि मिस्त्रीने दुसऱ्या गाडीखाली डोकं घातलंसुद्धा होतं.